चार पर्याय संपल्यानंतर

इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीच्या एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला १५० प्रश्न, २०० गुण आणि तीन तास असतात. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. उत्तर चुकलं तरी गुण कापत नाहीत, त्यामुळे काहीच सुचलं नाही तरी एखाद्या पर्यायावर क्लिक करून पुढं जाता येतं. अकरावी-बारावीची दोन वर्षं, क्लासची फी, घरच्यांचं जागरण, सगळं या चार पर्यायांभोवती फिरतं. मग प्रवेशाच्या कॅप राउंड सुरू होतात, याद्या लागतात, ब्रँच मिळते किंवा हुकते. गणपतीच्या आसपास तीच मुलं अंगात एप्रन आणि पायात जड बूट घालून वर्कशॉपमध्ये बेंच व्हाइससमोर उभी असतात. व्हाइसमध्ये लोखंडाचा एक तुकडा पकडलेला असतो आणि तो नेमका किती घासायचा याचे पर्याय कुणी दिलेले नसतात.

‘आरंभ’ हा विषय ठरल्यावर या अंकासाठी पुण्याच्या आसपासच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाचे तास, प्रॅक्टिकल आणि सबमिशनची धावपळ पाहिली. फर्स्ट इयरबद्दल बाहेर दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणजे ‘बारावीचंच पुन्हा’ आणि दुसरं, ‘कॉम्प्युटरवाल्याला कानस कशाला?’ पहिलं मत तासाला बसलं की टिकत नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला हवं, कारण तो प्रश्न फी भरणाऱ्या पालकांचा आहे आणि प्रामाणिक आहे.

कानस आणि उजेडाची फट

फिटिंगचा जॉब कागदावर फार साधा दिसतो. माइल्ड स्टीलचे दोन तुकडे, साधारण ५० बाय ५० मिलिमीटरचे, ६ मिलिमीटर जाडीचे. एकात खाच पाडायची आणि दुसऱ्याला त्या खाचेत नेमका बसेल असा आकार द्यायचा. पृष्ठभागावर खडू किंवा मोरचुदाचं पाणी लावून स्क्राइबरने रेघा मारायच्या, रेघांवर डॉट पंचने ठिपके ठोकायचे, हॅकसॉने जादाचा भाग कापायचा आणि उरलेलं कानशीने घासायचं. यूट्यूबवर हे सगळं पाच मिनिटांत आटोपतं. इथं दोन-तीन प्रॅक्टिकल जातात.

कानस पुढं जाताना कापते, मागं येताना कापत नाही. म्हणून जाताना दाब द्यायचा आणि परतताना हात हलका सोडायचा. नवशिका दोन्ही वेळी सारखाच जोर लावतो, शिवाय खांद्यातून ढकलायच्या ऐवजी मनगट झुलवतो. पंधरा-वीस मिनिटांनी कड चांगली सपाट दिसायला लागते. इन्स्ट्रक्टर जवळ येतात, काही न बोलता कडेवर गुण्या ठेवतात आणि तुकडा खिडकीच्या दिशेने धरतात. मध्यभागी गुण्या टेकलेला असतो आणि दोन्ही टोकांना उजेडाची केसाएवढी फट दिसते. कडेला पोट आलेलं आहे! डोळ्यांना सपाट वाटलेली गोष्ट सपाट नव्हती, हे मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मग व्हर्नियर हातात येतो. तो ०.०२ मिलिमीटरपर्यंतचं माप सांगतो. ड्रॉइंगमध्ये ५० लिहिलंय आणि व्हर्नियर ४९.८६ दाखवतो. हे बरोबर की चूक? शाळेत ५० म्हणजे ५० असतात. वर्कशॉपमध्ये ५० म्हणजे पन्नासच्या जवळ. किती जवळ, हे काम सुरू करण्याआधी ठरवायचं असतं आणि ते वस्तू कशासाठी वापरायची यावर अवलंबून असतं. दाराच्या बिजागरीला जे चालतं ते बेअरिंगला चालत नाही. कमी घासलं असेल तर पुन्हा घासता येतं, जास्त घासलं तर नवा तुकडा घ्यावा लागतो. त्यामुळे शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला मुलं आपोआप सावकाश होतात, दर दोन-चार हातांनंतर तुकडा सोडवून माप घेतात. बॅचमधल्या कॉम्प्युटरच्या मुलांनाही हे तितकंच उपयोगी आहे. आपलं काम आपणच तपासायचं आणि ते नजरेवर न सोडता मापाने तपासायचं, ही सवय कुठल्या एका ब्रँचची नाही.

पुण्याचं इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ साली सुरू झालं ते सार्वजनिक बांधकामाच्या कामावर हाताखालची माणसं तयार करणारा वर्ग म्हणून. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची. तेव्हापासून आजवर अभ्यासक्रमात पुष्कळ उलथापालथ झाली, पण हाताने करायचं काम पहिल्या वर्षातून गेलं नाही. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०१८ साली आदर्श अभ्यासक्रम आणला, पदवीचा भार १६० क्रेडिटवर आणला, सुरुवातीला तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घातला. त्यातही वर्कशॉप सगळ्या शाखांना ठेवलं, आणि फिटिंग-सुतारकामाच्या जोडीला सीएनसी आणि थ्रीडी प्रिंटिंगही आणलं.

सत्तर मिलिमीटरची रेघ

ड्रॉइंग हॉलमध्ये पहिले काही तास सगळे खुशीत असतात. नवा कोरा मिनी ड्राफ्टर, टू-एचची पेन्सिल, शीट अडकवायच्या क्लिपा. शीटला बॉर्डर मारायची, टायटल ब्लॉक काढायचा, अक्षरं ठरलेल्या उंचीची लिहायची. इथपर्यंत चित्रकलेचा तास वाटतो. मग सर फळ्यावर एक गणित लिहितात. ७० मिलिमीटर लांबीची रेघ, एक टोक एचपीच्या २० मिलिमीटर वर आणि व्हीपीच्या १५ मिलिमीटर पुढं, रेघ एचपीशी ३० अंशांत आणि व्हीपीशी ४५ अंशांत कललेली. तिची प्रोजेक्शन काढा.

एचपी म्हणजे आडवं प्रतल आणि व्हीपी म्हणजे उभं, म्हणजे ढोबळमानाने फरशी आणि भिंत. ही रेघ दोन्हींना तिरकी आहे, त्यामुळे ती समोरून पाहिली तर साडेएकोणपन्नास मिलिमीटरची दिसते आणि वरून पाहिली तर साधारण साडेसाठची. तिची खरी लांबी दोन्ही दृश्यांत दिसत नाही. खऱ्या लांबीवरून या दोन खोट्या लांब्या शोधायच्या, त्यासाठी रेघ मनातल्या मनात फिरवून आधी एका प्रतलाला समांतर करायची आणि मग परत जागेवर आणायची. वर्गात इथं शांतता पसरते. कुणी पेन्सिल हवेत तिरकी धरून डोळा मिटून बघतं, कुणी वहीचं पान दुमडून भिंत आणि फरशी बनवतं. सीईटीला चांगले पर्सेंटाइल असलेली मुलं या ठिकाणी अडकतात, आणि बारावीला जेमतेम निभावलेल्या एखादीला हे पटकन दिसतं. आपल्याकडच्या परीक्षांमध्ये ही क्षमता त्याआधी फारशी तपासली जात नाही, त्यामुळे ती आपल्यात आहे हे त्या मुलीलाही तोवर माहीत नसतं.

ही पद्धत गास्पार मोंज या फ्रेंच गणितज्ञाची. मेझिएरच्या लष्करी शाळेत असताना किल्ल्याच्या तटबंदीची उंची ठरवण्याचं लांबलचक आकडेमोडीचं काम त्याने भूमितीने झटपट करून दाखवलं. ती युक्ती इतकी मोलाची ठरली की बरीच वर्षं लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. १७९५ साली पॅरिसमध्ये त्याने ती उघडपणे शिकवली. आज आपली मुलं आणंदच्या चरोतर प्रकाशनाच्या एन. डी. भट्टांच्या पुस्तकातून तेच गिरवतात.

भारतीय मानकाप्रमाणे इथं फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात. तिच्यात वरून दिसणारं दृश्य कागदावर समोरच्या दृश्याच्या खाली येतं. अमेरिकेत थर्ड अँगल चालते, तिथं ते वर येतं. कुठली पद्धत वापरली हे सांगायला शीटच्या कोपऱ्यात शंकूच्या तुकड्याची एक छोटी खूण असते. ती न बघता ड्रॉइंग वाचलं तर डाव्या बाजूचं भोक उजवीकडं पडू शकतं, आणि पुण्या-चाकणच्या कारखान्यांत दोन्ही पद्धतींची ड्रॉइंग रोज येतात. पहिल्या वर्षाला दोन गुणांच्या प्रश्नात येणारी ही खूण पुढं सबंध लॉटची किंमत ठरवते.

आता सॉफ्टवेअर ही दृश्यं क्षणात काढून देतं आणि अभ्यासक्रमात कॅडही आलेलं आहे. ते यायलाच हवं होतं. पण पडद्यावर आलेलं दृश्य बरोबर आहे का, हे ज्याला मनात वस्तू फिरवता येते त्यालाच कळतं. त्यासाठी अजून तरी कागद आणि पेन्सिलच लागते.

बॉडी सुटी करा

इंजिनिअरिंग मेकॅनिक्सच्या तासाला एकच वाक्य महिनोन्‌महिने ऐकू येतं: आधी एफबीडी काढा. एफबीडी म्हणजे फ्री बॉडी डायग्रॅम. ज्या वस्तूचा विचार करायचा ती आजूबाजूच्या सगळ्यापासून सुटी करायची, आणि जिथं जिथं ती कशाला टेकली होती तिथं तिथं त्या टेकूच्या जागी एक बाण काढायचा. सूत्रं सगळी अकरावीतलीच आहेत. नवं आहे ते हे सुटं करणं, आणि चुकतं तेही तिथंच.

दिवाळीआधी घरोघरी रंगकाम निघतं, तेव्हा भिंतीला टेकवलेली शिडी सगळ्यांनी पाहिलेली असते. मेकॅनिक्सच्या पुस्तकात ती असतेच. भिंत गुळगुळीत धरली तर ती शिडीला फक्त आडवं ढकलू शकते, उचलून धरू शकत नाही. शिडीचं आणि माणसाचं सगळं वजन जमीन पेलते, आणि शिडीचा पाय मागं सरकू नये म्हणून जमिनीचं घर्षण भिंतीच्या दिशेने धरून ठेवतं. शिडीचं आणि माणसाचं वजन वेगवेगळं धरलं तर पाच बाण झाले. आता माणूस एकेक पायरी वर चढतो. वजन तेवढंच आहे, जमिनीचा आधार तेवढाच आहे, पण तो जसजसा वर जातो तसतसा भिंतीचा रेटा वाढतो आणि तितकंच जास्त घर्षण खाली लागतं. म्हणजे पहिल्या पायरीवर पक्की वाटलेली शिडी वरच्या पायऱ्यांवर घसरते. रंगारी आपल्या जोडीदाराला खालच्या पायरीवर उभं करतो ते याचसाठी. त्याच्या वजनाने जमिनीवरचा दाब वाढतो, घर्षणाची ताकद वाढते आणि भिंतीचा रेटा मात्र नावापुरताच वाढतो. हे गणित सुटलं की काही मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, त्यासाठी शिक्षकी पेशात राहावं असं सांगणारे प्राध्यापक अजून आहेत.

बेल्ट फ्रिक्शनचा प्रयोगही असाच. ड्रमवरून दोरी टाकायची, एका टोकाला वजन लावायचं आणि दुसऱ्या टोकाला किती कमी वजनात ते तोलून धरता येतं ते बघायचं. वेढा वाढवला की लागणारं वजन झपाट्याने उतरतं. घर्षणांक ०.३ धरला आणि दोरीचे खांबाला तीन पूर्ण वेढे दिले, तर पलीकडचा ताण अलीकडच्या ताणाच्या सुमारे २८५ पट असू शकतो. कोकणातल्या जेटीवर एक माणूस दोरखंडाचं टोक हातात धरून मोठी लाँच थोपवतो, त्यामागं हेच सूत्र आहे. रत्नागिरीकडून आलेल्या मुलाने ते दृश्य लहानपणापासून पाहिलेलं असतं, इथं त्याला त्याचं गणित मिळतं.

शंभरावं युनिट

पुणे विद्यापीठाने २०१९च्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला पायथन आणलं. त्याआधीच्या पिढ्या सी शिकल्या, आणि नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ देशभरातल्या होस्टेलांत हातोहात फिरलं. भाषा कुठलीही असो, लॅबमध्ये एक प्रोग्रॅम हमखास करायला देतात: विजेचं बिल. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, त्यापुढं आणखी चढे. मुलांनी घरी बिल पाहिलेलं असतं, भरलेलं नसतं.

सोपं म्हणून मुलं भराभर लिहायला लागतात. शंभरापेक्षा कमी असेल तर हा दर, शंभरापेक्षा जास्त असेल तर तो. मग मॅडम नेमकं १०० टाकायला सांगतात आणि पडद्यावर काहीच येत नाही. कमी नाही, जास्त नाही, शंभरावं युनिट कुणाच्याच वाट्याला आलेलं नाही. दुसरी चूक याहून महागाची. सरावासाठी पहिल्या टप्प्याला ४ रुपये आणि पुढच्याला १० रुपये धरले, तर १०१ युनिटचं बिल ४१० रुपये व्हायला हवं. पुष्कळांच्या प्रोग्रॅममधून १,०१० येतात, कारण टप्पा ओलांडताच सगळ्याच युनिटना वरचा दर लागलेला असतो. कॉम्प्युटरने काही चूक केलेली नाही, त्याने सांगितलं तसंच केलं. काठावरची किंमत टाकून बघायची, उत्तर आधी हाताने काढून ठेवायचं, मगच प्रोग्रॅमवर विश्वास ठेवायचा, हे पहिल्या सेमिस्टरला अंगवळणी पडलं तर पुढं बँकेचं सॉफ्टवेअर लिहिताना कामाला येतं.

बोअरचं पाणी आणि एम-वन

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये पाणी कठीण करणारे क्षार मोजतात. पाण्यात बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक-टी टाकलं की ते रेड वाइनसारखं लालसर होतं. वरून ब्युरेटमधून ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं, आणि निळं झालं की थांबायचं. ईडीटीए ०.०१ मोलर असेल तर एक मिलिलिटर म्हणजे एक मिलिग्रॅम क्षार. ५० मिलिलिटर पाण्याला १५ मिलिलिटर लागलं तर लिटरमागं ३०० मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात योग्य मर्यादा २०० आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. काही शिक्षक मुलांना घरचं पाणी बाटलीत आणायला सांगतात. बोअरच्या पाण्याचा आकडा आणि गिझरच्या कॉइलवरचा पांढरा थर यांचा संबंध त्या दिवशी जुळतो, आणि प्रयोग जर्नलाबाहेर येतो. असे शिक्षक सगळीकडं हवेत.

एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्सचा पहिला पेपर, मात्र बहुतेकांना धडकी भरवतो. नापास होऊन केटी लागण्याची भीती सर्वांत जास्त इथंच. मॅट्रिक्स, पार्शल डिफरन्सिएशन, मीन व्हॅल्यू थिअरम अशी प्रकरणं फळ्यावर एकामागून एक येतात आणि ती कशासाठी आहेत हे सांगायला वेळ उरत नाही. सांगायला खरं तर फार लागत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे साधारण ९५ किलोमीटरचा. एखादी कार तो ५० मिनिटांत पार करून टोलनाक्यावर आली, तर तिचा सरासरी वेग ताशी ११४ झाला. वाटेत कुणी पाहिलं नसलं तरी एखाद्या क्षणी तिचा काटा नेमका ११४ वर होता, हे मीन व्हॅल्यू थिअरम छातीठोकपणे सांगतो, आणि तिथली कारची मर्यादा १०० आहे. एवढं ऐकलेला मुलगा प्रमेय विसरत नाही.

सबमिशनची रात्र

इतकं सगळं पहिल्या वर्षात आहे, तरी पुष्कळ मुलं ते न घेता पुढच्या वर्गात जातात. सेमिस्टर संपत आलं की होस्टेलच्या खोल्यांत काच आडवी ठेवून तिच्याखाली बल्ब लावतात. वर एकाची तपासून आलेली शीट, तिच्यावर दुसऱ्याची कोरी. याला जीटी मारणं म्हणतात. शीट तासाभरात तयार होते, टर्मवर्कचे गुण मिळतात, आणि ती तिरकी रेघ मनात एकदाही फिरत नाही. जर्नलचं तेच. निरीक्षणं आधीच्या वर्षाच्या वहीतून उतरतात, त्यामुळे सगळ्या बॅचच्या पाण्यात सारखेच क्षार निघतात.

दोष सगळा मुलांना देऊन चालणार नाही. प्रवेश लांबतात, पहिलं सेमिस्टर आक्रसतं, आणि विद्यापीठाची तारीख हलत नाही. कानशी झिजलेल्या असल्या की मुलं उगाच घाम गाळतात. पहिल्या वर्षाचे तास सर्वांत नव्या, कंत्राटी शिक्षकांच्या गळ्यात टाकायची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती चुकीची आहे. २०१४ साली भारत अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन अकॉर्डचा कायम सदस्य झाल्यापासून कोर्स आउटकम, त्यांची मांडणी, त्यांचे पुरावे यांच्या फाइली शिक्षकांना भरत बसाव्या लागतात. त्यामागचा हेतू चांगला आहे. मुलाला काय शिकवलं याऐवजी काय जमायला लागलं ते विचारा, असं ही पद्धत म्हणते. पण फाइलमध्ये गेलेला तास बेंचजवळ उभा राहून गुण्या लावायला उरत नाही.

भाषेची अडचणही खरी आहे. तालुक्याच्या गावाहून आलेल्या मुलाला गणित येत असतं, प्रश्नाची इंग्रजी वाक्यरचना अडवते. २०२१ साली एआयसीटीईने मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला वाट करून दिली, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात मराठीतून कॉम्प्युटरचा वर्ग सुरू झाला आणि पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीत आली. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रॅमिंगचे धडे मराठीतही ऐकता येतात. बाकी वर्गांत चांगले शिक्षक आपला मार्ग काढतातच. फळ्यावर इंग्रजी आणि तोंडाने मराठी: ‘ही बॉडी फ्री केली, आता इथं रिअ‍ॅक्शन कुठल्या दिशेला येणार, सांगा बघू.’ या एका वाक्यावर मागच्या बाकावरून हात वर येतो.

पुढच्या उन्हाळ्यात ज्यांच्या घरी कॅप राउंडची यादी बघणं सुरू होईल, त्या पालकांना एक विनंती आहे. कॉलेज पाहायला जाल तेव्हा प्लेसमेंटचा तक्ता बघाच, पण मग वर्कशॉप आणि ड्रॉइंग हॉल उघडून दाखवायला सांगा. पहिल्या वर्षाच्या मुलांनी केलेला एखादा जॉब हातात घ्या. एका बॅचला मुलं किती आणि व्हाइस किती ते विचारा, मेकॅनिक्स आणि एम-वन कोण शिकवतं आणि किती वर्षं शिकवतं ते विचारा. या प्रश्नांची सरळ उत्तरं जिथं मिळतील, तिथं मुलाला घालायला हरकत नाही.